वीस मोजेपर्यंत

३ मार्च, सोमवार

धाकटे,

पत्र पाहून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, पडद्यांचं दुकानही चालू आहे. लिहायचं कारण एकच: घरात कुत्र्याचं पिल्लू आलंय आणि ते चावतं.

आता हस. पोटभर हसून घे आणि मग पुढे वाच. तीस वर्षं तू कुत्रा मागितलास आणि तीस वर्षं मी "पडद्यांना केस चिकटतात" म्हणून नकार दिला, हे मला आठवतंय. तू आठवण करून द्यायला नको. आणि हे पिल्लू मी आणलेलं नाही. एका गिऱ्हाइकाने गळ्यात मारलं. बाई कायमची गाव सोडून चालली होती, खिडक्यांची मापं द्यायला आली आणि टोपली ठेवून गेली. मी नाही म्हणेपर्यंत तिची गाडी कोपऱ्यावरून वळली होती.

पॉमेरियन आहे. दोन महिन्यांची मादी. आपल्या दोन मोठ्या कात्र्यांएवढंही वजन नसेल, पण मूर्ती लहान आणि कीर्ती महान. बोटं, घोटे, मापाची टेप, माझ्या पायातली सपाता, सगळं चावून झालंय. मशीनवर बसले की पायडलवरचा पाय धरते. काल एका दुमडीची टीप घालताना मी तीनदा ओरडले, आणि टीप अशी वाकडी गेली की तू पाहिली असतीस तर उसवायला लावली असतीस.

गल्लीतल्या कुत्र्यांना पाव घालून घालून तुला त्यांचं कळतं. काय करायचं ते कळव. दोन ओळी पुरेत. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

पत्ता तुमच्या चष्म्याच्या दुकानाचा टाकला आहे. घराचा माझ्याकडे नाही.

— ताई


१२ मार्च, बुधवार

धाकटे,

नऊ दिवस झाले. पोस्टाची चूक असेल असं मी धरून चालले आहे.

पिल्लाचं नाव टाचणी ठेवलं. ठेवलं म्हणजे पडलं. पहिल्या दिवशी करंगळीत दात रुतले तेव्हा मला वाटलं, कापडात राहिलेली टाचणीच लागली.

सल्ले द्यायला लोकांची कमी नाही. शेजारचा न्हावी म्हणाला, वर्तमानपत्राची गुंडाळी करून नाकावर मारा. समोरची धोबीण म्हणाली, एवढीशी तर आहे, कितीसं चावणार, चावू द्या की! आणि गिऱ्हाइकं तर ती पायाला लटकली की टाळ्या वाजवतात. शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. वय असेल अठ्ठावीस, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. म्हणाल्या, "हसता ना सगळे? म्हणूनच छोट्या जातीची कुत्री मोठेपणी चावरी होतात. हिच्या जागी मोठ्या जातीचं पिल्लू असतं, तर पहिल्याच दिवशी धावत आला असतात." मग मारायचं नाही, नाक दाबायचं नाही, हात हिसकायचाही नाही, असं सगळं बजावलं. दात लागले की 'आई गं' म्हणायचं, तोंड फिरवायचं, उठून खोलीबाहेर जायचं. एक शब्द बोलायचा नाही.

म्हटलं, हे तर मला चांगलं जमतं.

पुढेही त्या काहीतरी सांगत होत्या, पण बाहेर लोक खोळंबले होते आणि मला हवं ते मिळालं होतं. मी टोपली उचलून निघाले.

लहानपणी तूही चावायचीस, आठवतं? तुला कुठलं आठवायला, दोन वर्षांची होतीस. माझ्या डाव्या मनगटावर खूण अजून आहे. टेप धरली की दिसते.

एका गिऱ्हाइकाच्या पडद्याची कड टाचणीने कुरतडली. निळसर राखाडी कापड, आत पांढरं अस्तर. रफू केलं, पण दिसतं ते दिसतंच.

— ताई


२० मार्च, गुरुवार

धाकटे,

कार्ड मिळालं. चार ओळी. चारही कुत्र्याबद्दल असतील असं वाटलं होतं, पण शेवटची नव्हती.

"तिला चघळायला ओला फडका पिळून दे" हे केलं. "दिवसभर झोपू दे, दमलेलं पिल्लू जास्त चावतं" हेही खरं निघालं. दुपारी मशीन बंद ठेवते आणि ती टोपलीत झोपते. त्या वेळेत मी हाताने काजं करते. घरात एवढी शांतता असते की सुई कापडातून जाते तेही ऐकू येतं. आधीही अशीच असायची, पण आता कुणाची तरी झोप मोडेल म्हणून आहे, आणि त्याने फरक पडतो.

आता चौथी ओळ. "एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी आम्ही त्या बाजूला येणार आहोत, ये म्हणशील तर पिल्लाला बघून जाईन."

आम्ही म्हणजे दोघं. बरोबरच आहे, लग्न झालेली माणसं आम्हीच म्हणतात. सुईत दोरा ओवता येईना म्हणून सत्तेचाळिसाव्या वर्षी तुला चष्मा करायला पाठवलं ते मीच. तू चष्मा घेऊन आलीस, आणि तीन महिन्यांनी चष्मेवाल्यालाच. असो.

मी नको म्हणत नाही. पण हिचे दात आहेत हे असे. पाहुण्या माणसाला पहिल्याच भेटीत कुत्रं चावलं तर तूच म्हणशील, ताईने शिकवून ठेवलं होतं. तेव्हा आधी हिचं चावणं थांबू दे. मग बघू.

— ताई


२७ मार्च, गुरुवार

धाकटे,

थांबलं! गेल्या शुक्रवारपासून टाचणी एकदाही चावलेली नाही.

झालं असं. मी पांढऱ्या अस्तराला चुण्या घालत होते. ही मांडीवर चढली आणि अंगठ्यात असे दात रुतवले की रक्त थेट कापडावर. चार हात अस्तर वाया. 'आई गं' म्हणाले, उठले, तोंड फिरवलं, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तस्संच. ती आत रडत राहिली. दार खरवडलं. मी बधले नाही. जेवणाच्या वेळी वाटी आत सरकवली, पण तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक अक्षर बोलले नाही.

तेव्हापासून दात नाही लावला. न्हावी म्हणाला, "मानलं तुम्हाला." मीही जरा ऐटीतच होते.

फक्त एक आहे. ती तुझ्या मशीनखाली जाऊन बसली आहे. तुझ्या मशीनवर मी चादर टाकून ठेवली आहे ना, त्या चादरीच्या आत, पायडलला टेकून. हाक मारली तर येत नाही. मी खोलीत असले तर वाटीला तोंड लावत नाही, गेले की खाते. काल हात पुढे केला तर चावली नाही, पण कान पाडून भिंतीला चिकटली. ओला फडका तसाच पडून आहे.

शहाणी झाली म्हणायचं की काय, ते कळत नाही. तुम्ही रविवारी या, असं आज लिहिणार होते. उद्या डॉक्टरीणबाईंना दाखवून मग लिहिते.

— ताई


३१ मार्च, सोमवार

धाकटे,

हे पत्र शनिवारपासून चारदा सुरू केलं. आता उभ्यानेच, कापायच्या टेबलावर लिहिते आहे. बसले की फाडते.

डॉक्टरीणबाईंनी टाचणीला टेबलावर घेतलं. ती त्यांच्याही हाताला चावली नाही. त्यांनी मला विचारलं, "बाहेर किती वेळ होतात?"

म्हटलं, "दुसऱ्या दुपारपर्यंत."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "मी वीस सांगितले होते."

"वीस काय?"

"वीस सेकंद, आजी! वीस मोजायचे आणि परत जायचं. त्याच्या पुढे पिल्लाला आठवतच नाही आपण काय केलं ते. त्याला एवढंच कळतं की आपलं माणूस गेलं. ही शिकलेली नाही. ही घाबरली आहे."

मी विचारलं, चावणं तर थांबलं ना?

"चावणं थांबलं, खाणं थांबलं, जवळ येणं थांबलं. सगळंच थांबलं. हवंय का तुम्हाला असं कुत्रं?"

आणि टोपली हातात देताना म्हणाल्या, "जो उठून गेला त्यानेच परत यायचं असतं. आधी हाकही त्यानेच मारायची. ती बिचारी कुठून माफी मागणार?"

घरी येताना टोपली छातीशी धरली होती. चौकातल्या बाकावर बसले आणि भर रस्त्यात रडले. एक म्हातारी फुगे विकत होती, तिने मला पाणी दिलं. लाज वाटली, पण खोटं कशाला सांगू, बरंही वाटलं. कुणी विचारलं तर कुत्रं आजारी आहे म्हणून सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही.

धाकटे, चाळीस दिवस.

तू लग्नाचं सांगितलंस त्या संध्याकाळपासून तू बॅग घेऊन निघालीस तोवर चाळीस दिवस मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. एका घरात, एका दुकानात, हातभर अंतरावर दोन मशीनवर. फ्रिजवर चिठ्ठ्या चिकटवून आपण संसार केला. "दूध संपलं." "तेरा नंबरचे हूक आणले." "ताई, मी काय चुकले ते तरी सांग." या शेवटच्या चिठ्ठीखाली मी काय चिकटवलं? "वीज बिल भरलं." तू रोज सकाळी माझ्या दाराबाहेर उभी राहायचीस, मला सावली दिसायची. मी आतून कडी न काढता बसून राहायचे. मला वाटायचं, जाणार नाही. घाबरेल आणि राहील.

तू घाबरलीस, पण राहिली नाहीस. टाचणीला कडी काढता येत नाही, एवढाच काय तो फरक.

मनगटावरच्या खुणेचं लिहिलं होतं ना, त्यातलं अर्धं लिहिलं नव्हतं. तू चावलीस त्या संध्याकाळी मी तुझ्याशी बोलले नाही. बारा वर्षांची होते मी. तू दुडुदुडु माझ्या मागे घरभर फिरलीस, माझा फ्रॉक धरून. झोपेपर्यंत हुंदके देत होतीस. आई म्हणाली, "बोल गं तिच्याशी, आपलेच दात आणि आपलेच ओठ." मी नाही बोलले. मला त्या दिवशी कळलं की हे लागू पडतं. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, न्हाऊमाखू घातलं, टीप मारायला शिकवलं, सगळं खरं. पण जेव्हा जेव्हा तू माझ्या मनाविरुद्ध गेलीस तेव्हा हेच केलं. कधी एक दिवस, कधी आठ. तू दर वेळी परत यायचीस. मी एकदाही आले नाही.

आता खोटं काय काय लिहिलं तेही सांगून टाकते. गाव सोडून जाणारी बाई खिडक्यांची मापं कशाला देईल, हे तुझ्या केव्हाच लक्षात आलं असेल. टाचणीला मीच आणलं. फेब्रुवारीत एका सोमवारी गिऱ्हाईक आलं, मी "या" म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. खोकून खोकून आला. हिशेब केला तर शुक्रवारी संध्याकाळनंतर मी एकही शब्द बोलले नव्हते. बोलायला कुणी नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. पुढच्या रविवारी जाऊन पिल्लू आणलं. सगळ्यात लहान मागितलं, म्हणजे त्रास कमी.

आणि ते निळसर राखाडी पडदे गिऱ्हाइकाचे नाहीत. तुझे आहेत. जाताना फ्रिजवर तू शेवटची चिठ्ठी लावली होतीस: "नव्या घराला खिडक्या दोन. उंची पाच फूट, रुंदी चार. रंग तुला आवडेल तो." मी ती वाचली नाही असं तुला वाटलं असेल. तू गेलीस त्याच आठवड्यात मी कापड आणलं. चौदा महिने शिवून, घडी घालून कपाटात आहेत; ऊन दाखवायला बाहेर काढले तेव्हा हिने कड कुरतडली. पत्ता नाही ही सबब होती. चष्म्याच्या दुकानाचा पत्ता काय मला आज मिळाला?

रविवारी ये. दोघंही या. टाचणी चावली तरी या.

— ताई


८ एप्रिल, मंगळवार

धाकटे,

उत्तर नाही. मी पोस्टाला दोष देत नाही.

सवय नाही म्हणून सांगते, उत्तराची वाट बघणं फार वाईट असतं. पोस्टमनच्या पायांचा आवाज ओळखता येतो हे मला या वयात कळलं. तू चाळीस दिवस कशी राहिलीस?

टाचणीचं लिहिते. गेला आठवडाभर मी तुझ्या मशीनपाशी जमिनीवर बसते. गुडघे कुरकुरतात, पण बसते. तिला काही करायला लावायचं नाही, नुसतं बोलत राहायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. काय बोलणार? कापडाचे भाव सांगितले. न्हाव्याच्या चुगल्या सांगितल्या. तुझ्याबद्दल सांगितलं. पहिले तीन दिवस नुसते डोळे दिसायचे. चौथ्या दिवशी चादरीबाहेर नाक. काल माझ्या पावलावर डोकं ठेवून झोपली. मी दोन तास पाय हलवला नाही, मुंग्या आल्या तरी.

आज सकाळी ती मला चावली!

हळू. करंगळी तोंडात धरली, माझ्याकडे पाहिलं, जरासा दाब दिला. मी "आई गं" म्हणाले. उठले, दाराबाहेर गेले, वीस मोजले. वीस सेकंद फार मोठे असतात गं. परत आले आणि तिला हाक मारली. ती शेपूट हलवत आली आणि तेच बोट चाटलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "छान. आधी हळू चावायला शिकायचं असतं, न चावणं नंतर." हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या घरात एक तर रक्त निघायचं, नाही तर दार लागायचं.

रविवारी चहाचे तीन कप काढून ठेवणार आहे. कुणी आलं नाही तर धुऊन परत ठेवीन, त्यात काय.

— ताई


१३ एप्रिल, रविवार
(फ्रिजवर)

धाकटे,

तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसला आहात आणि मी स्वयंपाकघरात चिठ्ठी लिहिते आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

तुम्ही आलात, तुझा नवरा आल्याआल्या जमिनीवर मांडी घालून बसला. टाचणीने त्याच्या चष्म्याची दोरी ओढली, मग त्याचं बोट तोंडात धरलं आणि सोडून दिलं. "शिकवलंय छान," तो म्हणाला. चांगला माणूस आहे. हे मी चौदा महिन्यांपूर्वी त्याच्याकडे नीट पाहिलं असतं तरी कळलं असतं.

मग मी पडदे काढून दिले. तू घडी उलगडलीस, कुरतडलेल्या कडेवरून बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "ताई, पडदे नसते शिवलेस तरी चाललं असतं गं. तू यायला हवं होतंस."

लागलं. अगदी हाडापर्यंत लागलं, कारण ते खरं आहे. आणि मी काय केलं? उठले, तोंड फिरवलं, "चहा बघते" म्हणून आत आले आणि दार लोटलं. तुझा चेहरा मी पाहिला. तो चेहरा मला पाठ आहे.

चहा केव्हाच उकळून गेला. वीसही उलटून गेले, डॉक्टरीणबाई रागावतील. टाचणी दाराच्या फटीतून नाक घालून बसली आहे. तिच्यामागे तुझी सावली दिसते आहे. तू दार वाजवू नकोस. या वेळी तू यायचं नाहीस.

ही चिठ्ठी इथे चिकटवते आहे ती फक्त सवयीने. वाचली नाहीस तरी चालेल, यातलं सगळं मी आता बाहेर येऊन तोंडाने सांगणार आहे. आधी मी बोलणार. तू मध्ये बोलू नकोस.